एकट्या आलेल्या मुलासाठी घर: गोव्यातून पाहिलेली फोस्टर केअर सेवा

निकाल आधीच सांगतो, कारण अनेकांना तेवढाच हवा असतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखालची फोस्टर केअर सेवा, म्हणजे मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याची सोय, घेण्यासारखी आहे. तिच्यामागचा कायदा भक्कम आहे, घर पारखण्याची पद्धत नीट आहे आणि मूल संस्थेत न राहता कुटुंबात वाढावं ही धडपड खरी आहे. पण मूल घरात आल्यावर ही सेवा पातळ होत जाते. ते मूल परदेशातून, आईवडिलांविना, जीव वाचवून आलेलं असेल तर ती तीन ठिकाणी फारच तोकडी पडते: भाषा, कागदपत्रं आणि अठरावं वर्ष. गोव्यात राहून असं मूल सांभाळायची तयारी असलेल्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की परदेशी मुलाला ही सेवा लागू होते का. होते. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. पण 2015 चा बाल न्याय कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज कोणत्या मुलाला आहे हे ठरवताना नागरिकत्व विचारत नाही. घर नाही, सांभाळणारं कुणी नाही, वय अठराच्या आत, एवढं पुरतं. शिवाय 1992 मध्ये भारताने बालहक्क करार स्वीकारला आहे. त्याचं 22 वं कलम सांगतं की निर्वासित मुलाचं कुटुंब सापडत नसेल, तर कुटुंबाला पारख्या झालेल्या इतर मुलांना मिळतं तेच संरक्षण त्यालाही द्यावं. त्यामुळे अफगाणिस्तान, म्यानमार किंवा सोमालियाचा मुलगा मडगाव स्टेशनवर एकटा सापडला, तर त्याची वाट रायचूरहून पळून आलेल्या मुलासारखीच असते. 1098 या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर.

इथेच अनेक भल्या माणसांचा पाय घसरतो. ‘बिचारं पोर आहे, राहू दे आपल्याकडेच’ म्हणून परस्पर ठेवून घ्यायचं नाही. एकटं मूल सापडल्याचं 24 तासांत कळवणं कायद्याच्या 32 व्या कलमाने बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाचा तोटा त्याहून मोठा आहे. समितीच्या नोंदीत जे मूल नाही, त्याला शाळा, औषधपाणी, वकील मिळवणं फार अवघड जातं.

चौकशी चालू असताना मूल बहुतेक वेळा संस्थेत राहतं. त्याच काळासाठी कायद्यात एक कमी वापरली जाणारी सोय आहे: 52 व्या कलमाखाली समिती एखाद्याला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन मूल ठरावीक काळासाठी त्याच्या ताब्यात देऊ शकते. फोस्टर केअरचा अर्ज करतानाच या मान्यतेसाठीही अर्ज द्यावा असं आमचं ठाम मत आहे. संस्थेत गेलेले पहिले काही आठवडे अशा मुलाला फार जड जातात, कारण तिथे त्याची भाषा बोलणारं सहसा कुणीच नसतं.

आता पात्रता. केंद्राच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी दार बरंच मोठं केलं. अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशी एकटी माणसंही आता अर्ज करू शकतात. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी दिली जात नाही. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान 70 हवी. एकट्या व्यक्तीचं वय किमान 35. सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी कमाल 55, बारा ते अठराच्या मुलासाठी कमाल 60. सहा वर्षांच्या आतलं मूल या वाटेने मिळत नाही. स्वतःची मुलं असली तरी अडत नाही. आमच्या मते तर ती असलेली बरी, कारण भाषा येत नसलेलं मूल मोठ्यांपेक्षा मुलांकडून लवकर शिकतं.

नोंदणी कारा या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते आणि घराची पाहणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. ओळखीचा, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, पोलीस पडताळणी आणि आरोग्य तपासणी लागते. तपासणीत एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी येतात. घर मोठं असण्यापेक्षा मुलाला झोपायला स्वतःची जागा आहे का हे पाहिलं जातं. घरातल्या प्रत्येक प्रौढाशी बोलणं होतं आणि तिथेच कच्चे दुवे दिसतात. सासूबाईंची खरी संमती नसेल, मुंबईला असलेला थोरला मुलगा ‘मालमत्तेत वाटेकरी येणार’ म्हणत असेल, तर ते पाहणीआधीच बोलून मोकळं करा. फोस्टर केअरमधल्या मुलाला वारसाहक्क नसतो हे घरच्यांना स्पष्ट सांगावं. हे दत्तक घेणं नव्हे. आईवडील सापडले आणि परिस्थिती सुरक्षित असली तर मूल परत जाणार, आणि तोच सेवेचा हेतू आहे. दोन वर्षं फोस्टर केअरमध्ये राहिल्यावर दत्तकाची वाट आता खुली आहे, पण ती कायद्याने दत्तक देण्यास मोकळ्या ठरलेल्या मुलांसाठी. ज्याचं कुटुंब सीमेपलीकडे कुठेतरी असू शकतं, त्याच्याबाबत ती आशा धरून बसू नये.

पैशाचं थोडक्यात: महिन्याला एका मुलामागे चार हजार रुपये. जेवणखाण, कपडे आणि शाळेच्या वस्तूंना ते जेमतेम पुरतात. दिल्लीची एक फेरी, खाजगी शिकवणी किंवा समुपदेशकाची फी त्यात बसत नाही. सुरुवातीचे काही महिने हातातून खर्च करण्याची ऐपत असेल तरच हो म्हणा.

समितीचा आदेश हातात आला की तो वाचल्याशिवाय हमीपत्रावर सही करू नका. परदेशी मुलाच्या बाबतीत आदेशात चार गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात. मुलाचं वय काय धरलं आहे. परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचं कुणी. शस्त्रक्रियेसारख्या उपचारांना संमती कुणी द्यायची. आणि गोव्याबाहेर न्यायचं झालं तर परवानगी कुणाकडे मागायची. यातल्या दुसऱ्या मुद्द्याचं महत्त्व पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या कुठल्याही गोवेकराला सांगावं लागणार नाही. घरी परदेशी माणूस राहिला की नोंद देण्याची जबाबदारी घरमालकावर येते. फोस्टर घराला यातून आपोआप सूट मिळेल असं गृहीत धरू नका. जिल्हा कक्ष कळवणार असेल तर त्याच्या पत्राची प्रत फाइलला लावा.

वयाचा मुद्दा सगळ्यात जास्त भांडणाचा. कायद्याचं 94 वं कलम क्रम ठरवून देतं: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत दोन्हीकडे दोन वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच मान्य केलं आहे. अफगाणिस्तानात अनेकांना जन्मतारीख नेमकी ठाऊक नसते आणि तिकडचं साल सौर हिजरी असतं, म्हणून मुलाने सांगितलेलं वय आणि कागदावरचं वय जुळत नाही. यात खोटेपणा नसतो. समितीने एकदा नोंदवलेलं वय कायद्याच्या दृष्टीने खरं वय ठरतं, म्हणून चूक दिसली तर लगेच, लेखी, सांगा.

भाषेबाबत सेवेला आम्ही काठावर पास करतो. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांप्रमाणे दुभाषांची नोंदवही ठेवणं हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं काम आहे; ती मागून घ्या. दरी, पश्तो किंवा रोहिंग्या बोलणारा माणूस गोव्यात सापडणं कठीण, तेव्हा फोनवरून बोलणाऱ्या दुभाषाची व्यवस्था आधीच करून ठेवायला सांगा. देश पाहून भाषा ठरवली की हमखास चुकतं. म्यानमारचा म्हणून बर्मी दुभाषा आणावा, तर रोहिंग्या किंवा चिन जमातीच्या मुलाची ती घरची भाषा नसते. रोहिंग्या भाषा चितगावच्या बोलीजवळची आहे, त्यामुळे कोलकात्याच्या बंगालीने निम्मंच काम होतं. अफगाणिस्तानातल्या हजारा समाजाचा मुलगा दरी समजतो. त्याच्यासमोर पश्तून दुभाषा बसवला तर तो कदाचित तोंडच उघडणार नाही. त्यामागे दोन समाजांमधली जुनी भीती असते. गावात भेटलेला त्याच देशाचा कुणी अनोळखी माणूस दुभाषा म्हणून अजिबात वापरू नये, कारण मुलाला इथवर आणणाऱ्यांशी त्याचा संबंध नसेलच याची खात्री देता येत नाही.

मुलाची भाषा टिकवणं हेही घराचंच काम. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले आणि त्यांच्यात पोरकी मुलंही होती. त्या मुलांच्या शाळा पोलिश भाषेत चालत. परतायचं असो वा नसो, आपली भाषा जवळ असलेलं मूल नवी भाषाही नेटाने शिकतं.

शाळेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायला सांगतो. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मागे राहिलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोहिंग्या मुलांनी प्रवेशासाठी थेट सरकारी शाळेकडे जावं आणि नकार मिळाला तर उच्च न्यायालयात जावं असं सांगितलं. आमची शिफारस गावातल्या लहान वर्गाच्या सरकारी मराठी शाळेची. मुलाच्या वाट्याला शिक्षक येतो आणि शेजारची पोरं तीच असतात. चौदाच्या पुढच्या मुलासाठी मात्र या कायद्याचा आधार संपतो. अशा वेळी मुक्त विद्यालय किंवा एखादं कौशल्य यांचा विचार पहिल्याच काळजी-आराखड्यात घालून घ्या.

आरोग्याचं पहिल्याच आठवड्यात उरका. लशींची नोंद नसेल तर लशी झाल्याच नाहीत असं धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात वयानुसार वेळापत्रक नव्याने लावून घ्यायचं. हिमोग्लोबिन, जंत, क्षयरोग, दात आणि डोळे तपासा. लांबचा प्रवास करून आलेल्या मुलाला खरूज असणं अगदी नेहमीचं. डॉक्टर परमेथ्रिन मलम देतील. ते मानेपासून पायांच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर लावून ठेवायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावलं नाही आणि चादरी, कपडे गरम पाण्याने धुतले नाहीत तर खरूज परत येते, मग औषध निकामी ठरवलं जातं आणि मुलाला दोष लागतो. झोप न येणं, दचकणं, अंथरूण ओलं होणं महिनाभरानंतरही कमी होत नसेल तर बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत घेऊन जा. दुभाषाशिवाय नेऊ नका.

जेवणाबाबत गोव्याचं घर नशीबवान आहे. भात आणि नुस्त्याची (माशांची) कढी रोहिंग्या मुलाला परकी वाटत नाही. तिखट मात्र त्याला विचारून घाला. नानवर वाढलेल्या अफगाण मुलाला पोदेराची (पाववाल्याची) पोई लगेच आवडते. मूल मुसलमान असेल तर मांस हलाल हवं का, रोजे धरायचे आहेत का, हे पहिल्या दोन दिवसांत दुभाषामार्फत विचारा आणि उत्तर पाळा. उशीखाली पाव, खिशात भात सापडला तर रागावू नका आणि कपाटाला कुलूप लावू नका. झाकणाचा एक डबा त्याच्या बिछान्याजवळ ठेवा आणि रोज भरा. पुढच्या जेवणाची खात्री पटली की साठवण आपोआप थांबते. त्याला वेळ लागतो, आणि मधेच डबा बंद केला तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

रात्रीची खोली आतून उघडता आली पाहिजे आणि बाहेरच्या वाटेत मंद दिवा हवा. सणांची कल्पना आधी द्या. चवथीचे फटाके आणि त्याहूनही दिवाळीतली नरकासुराची रात्र हे युद्धातून आलेल्या मुलासाठी मोठं संकट असू शकतं: मुखवटे, रात्रभर दणदणीत संगीत, पहाटे जाळपोळ आणि स्फोटांचे आवाज. त्या रात्री मुलाला घेऊन आतल्या, शांत भागातल्या नातेवाइकांकडे जाणं हा सगळ्यात चांगला उपाय. तेही शक्य नसेल तर दिवसा त्याला नरकासुराचा पुतळा बांधताना नेऊन दाखवा. कागद आणि गवत डोळ्यांनी पाहिलं की भीती निम्मी होते. पोलीस भेटीला येणार असतील तर साध्या कपड्यांत या असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. बाल न्यायाचे नियमही तेच सांगतात.

वाड्यावर चौकशा होणारच. ‘पाहुणा आहे, शिकायला आलाय’ एवढंच उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकसारखं द्यावं. कायद्याचं 74 वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरचा आरतीचा फोटोसुद्धा यात बसतो. ज्या मुलाच्या मागावर कुणी असू शकतं, त्याच्यासाठी हा नियम जीव वाचवणारा आहे. ‘आई-बाबा म्हण’ असा आग्रह धरू नका. काका, मावशी, आजी एवढं पुरे. त्याला स्वतःची आई आहे, किंवा होती.

आता सेवेची सगळ्यात कमकुवत बाजू, कागद. आश्रयाचा दावा भारतात यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, तपासते आणि तिचं कार्यालय नवी दिल्लीत आहे. आधी नोंदणी, मग मुलाखती, मग निर्वासित कार्ड. एकट्या मुलासाठी त्याचं हित ठरवण्याची वेगळी प्रक्रिया तिथे आहे. ती सुरू झाली का, हे समितीमार्फत लेखी विचारत राहा. मडगावहून राजधानी किंवा वास्कोहून गोवा एक्स्प्रेस पकडण्याआधी समितीची परवानगी, सोबतच्या कर्मचाऱ्याचं नाव आणि खर्च कुणाचा हे ठरलेलं हवं. मुलाला त्याची कहाणी घरी विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका आणि तारीख घालून त्याचेच शब्द वहीत उतरवा; आपला अर्थ त्यात मिसळू नका. पुन्हा पुन्हा सांगितलेल्या कहाणीत तपशील हलतात आणि मुलाखतीत तेच त्याच्या विरोधात जातं. एक गोष्ट कधीही करायची नाही: मुलाच्या देशाच्या दूतावासाला फोन. ज्या सरकारला भिऊन तो पळाला असेल, त्यालाच त्याचा पत्ता कळतो आणि मागे राहिलेलं कुटुंब धोक्यात येतं. घरच्यांचा शोध घ्यायचा तर रेडक्रॉसची कुटुंबशोध सेवा आहे, तीही मुलाची संमती घेऊनच.

निर्वासित कार्डाने आधार मिळत नाही आणि आधारविना बँक खातं, सिमकार्ड, शिष्यवृत्ती सगळं अडतं. हा दोष कुठल्या एका कार्यालयाचा नाही. कायदाच नसल्याचा हा परिणाम आहे. म्हणून प्रत्येक अर्जासोबत समितीच्या आदेशाची साक्षांकित प्रत जोडा आणि नकार आला तर तो लेखी घ्या. लेखी नकारावर पुढे दाद मागता येते.

तुलनेसाठी इंग्लंड. तिथे अशी मुलं 1989 च्या बाल कायद्याखाली स्थानिक परिषदेच्या जबाबदारीत येतात आणि फोस्टर कुटुंबासाठी मुलापासून वेगळा सामाजिक कार्यकर्ता असतो. तिथेही बिघडलं. एकट्या मुलांना हॉटेलांत ठेवलं गेलं, काही तिथून नाहीशी झाली, आणि जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ती पद्धत बेकायदेशीर ठरवली. पण फोस्टर घरात असलेला मुलगा अठराचा झाल्यावर दोघांची इच्छा असेल तर 2014 पासून एकविसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहू शकतो. आपल्याकडे कुटुंबाच्या पाठीशी वेगळं माणूस देण्याची तरतूद झाली तर सेवेचा दर्जा एका वर्षात बदलेल असं आम्हाला मनापासून वाटतं. आज महिन्याच्या भेटीला येणारी व्यक्ती मुलाचं पाहते, घराची दमछाक तिच्या फॉर्ममध्ये बसत नाही. तरी ती भेट टाळू नका आणि तिला मुलाशी एकांतात बोलू द्या.

अठरा वर्षं पूर्ण झाली की फोस्टर केअर संपतं. कायद्याचं 46 वं कलम संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी पुढे मदतीची सोय ठेवतं. अनुरक्षण म्हणतात तिला, आणि ती साधारण एकवीस वर्षांपर्यंत चालते. पण ती व्हिसा देत नाही. काल जो संरक्षण मिळालेला बालक होता तो आज कागदाविना प्रौढ परदेशी ठरू शकतो. त्यामुळे सतरावं लागण्याआधीच समितीकडून तीन गोष्टी आराखड्यात घालून घ्या: यूएनएचसीआरकडचा अर्ज कुठवर आला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा कोणता वकील नेमला, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तो राहणार कुठे. तो तुमच्याच घरी राहणार असेल तर तसं लिहून द्या आणि नोंदणी कार्यालयाला नव्याने कळवा, कारण तोवरचा समितीचा आदेश त्या दिवशी लागू राहत नाही.